अ-शेंगचं कुलूप

त्साय मिस्त्रीने भटारखान्यामागच्या विजेच्या पॅनेलवरचा छतावरच्या एसीचा मुख्य खटका पाडला, काम चालू असताना कुणी तो वर करू नये म्हणून त्यावर आपलं निळं कुलूप ठोकलं आणि किल्ली खिशात टाकली. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, हा धंद्याचा नियम तैवानच्या काऊश्युंग शहरातल्या कालच्या शिकाऊलाही ठाऊक असतो. आणि हा ल्याव, लग्नाच्या हॉलचा मालक, वर्षभर सांगत फिरत होता की त्सायच्या धाकट्या भावाने कुलूपच लावलं नव्हतं. अ-शेंग छतावर एसी दुरुस्त करताना आपल्याच चुकीने शॉक लागून मेला म्हणे.

"दुपारच्या पंगती आहेत, मिस्त्री," ल्याव म्हणाला. "हात चालवा. भावासारखा घोळ नको."

त्सायच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "खटका कुणी वर केला, ते तुम्हाला ठाऊक आहे."

"मग पोलिसांना कुलूप का नाही सापडलं?"

त्साय दात-ओठ खात जिना चढला. या दारात पाऊल ठेवायचं नाही अशी त्याने शपथ घेतली होती. पण आई अजून विचारत होती, माझं पोर इतकं बेफिकीर होतं का रे? तिच्यासाठी त्याला अ-शेंगचं हरवलेलं लाल कुलूप शोधायचं होतं.

छत तापलं होतं. खालून आल्यात वाफवलेल्या माशाचा वास येत होता. त्याने यंत्राचं झाकण उघडलं. कंप्रेसरची वीज जोडणारा-तोडणारा मुठीएवढा कॉन्टॅक्टर जळून काळा पडला होता. तारांचे फोटो काढून त्याने तो उतरवला आणि नवा पट्टीवर बसवला. वर येणाऱ्या तीन तारा, खाली कंप्रेसरकडे जाणाऱ्या तीन. सहाही स्क्रू आवळले. कॉइलच्या दोन बारीक तारा तेवढ्या उरल्या. त्या सोलायला पक्कड हवी म्हणून तो पिशवीकडे वळला.

परत पाहिलं, तर सहाही स्क्रूंवर आडवी लाल रेघ होती.

आवळलेल्या स्क्रूवर रेघ मारायची खोड अ-शेंगची. त्सायकडे लाल पेन नव्हतंच. त्याने एका रेघेवरून अंगठा फिरवला. शाई ओली होती.

ल्यावनेच थट्टेला माणूस पाठवला असणार. संतापून त्याने टाकीमागे पाहिलं, जिन्याचं दार पाहिलं. कुणी नव्हतं.

तो परतला तेव्हा बारीक ताराही जोडलेल्या होत्या. त्यांच्यावर रेघा होत्या.

त्साय धडाधड खाली उतरला. ल्याव पॅनेलसमोर उभा होता, पांढराफटक.

निळ्या कुलपाशेजारी लाल कुलूप लटकत होतं. त्यावर खिळ्याने कोरलेलं अ-शेंगचं नाव, त्याच्याच वाकड्या अक्षरात.

"हे कसं असेल?" ल्याव पुटपुटला. "मी स्वतः कापलं होतं. नदीत टाकलं होतं."

भटारखान्याच्या दारातल्या आचाऱ्याचा झारा थांबला.

"ऐकलंत ना?" त्सायने आचाऱ्याला विचारलं.

"ऐकलं," आचारी म्हणाला.

ल्याव भानावर आला. "काढा ते. पाहुणे घामाघूम झालेत."

त्सायने आपलं निळं कुलूप काढलं. लाल कुलपाची किल्ली अ-शेंगच्या खिशात होती, त्याच्यासोबतच चितेत गेली होती.

"ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, मालक."

वर छतावर यंत्राचं झाकण बसल्याचा आवाज आला. एकेक स्क्रू आवळला गेला.

मग जिन्यावर बूट वाजू लागले, काम उरकून उतरणाऱ्या माणसाचे, सावकाश.