माझं जातंय का तिकडे?

पटो न पटो, हे घडलंय. माझ्या सख्ख्या भाच्याच्या घरात, गुरुवारी, भर दुपारी चार वाजता. सगळं त्यानेच मला सांगितलं.

भाचा ऑफिसांना नेटवर्क बसवून देतो. काम घरूनच, खालच्या खोलीत. वरच्या खोलीत त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण. तिची लेक परदेशात. रोज चारला टॅबवर मायलेकींच्या गप्पा. ताईला ट्रंककॉलच्या काळापासून फोनवर ओरडायची सवय. आमच्या घरातली बातमी अख्ख्या गल्लीला कळायची!

गप्पा सुरू झाल्या की भाच्याची मीटिंग अडखळायची. मग त्याने राउटरवर नेटची वाटणी केली. ऑफिसला मोकळी वाट. आईच्या टॅबला येणारं नेट पुरेसं, बाहेर जाणारं... थेंबभर.

"अरे, तिचं मला ऐकू येतं. माझं तिकडे जात नाही."

"तुझं काय एवढं अडलंय, आई? ऐक की नुसतं."

"बरं बाबा. जन्मभर तेच तर केलं."

एका गुरुवारी ताई गेली. बोलता बोलता, टॅबसमोर. लेकीला फक्त गोठलेला चेहरा दिसला. नेहमीचंच, म्हणून तिने फोन ठेवला.

"त्या दिवशी नेटच गेलं होतं गं," भाच्याने बहिणीला सांगितलं. वाटणीबद्दल अवाक्षर काढलं नाही.

तीन आठवडे गेले. पुन्हा गुरुवार. चार वाजले.

"साहेब, तुमचा आवाज येत नाहीये," मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं.

त्याने राउटरचं पान उघडलं. नेटला जोडलेल्यांच्या यादीत दोनच नावं हवी होती. ऑफिस आणि त्याचा मोबाईल.

तिसरं होतं...

'आई'.

तो धावत वर गेला. टॅब कपाटात होता. बंद. थंडगार.

खाली आला. नाव तिथेच.

येणारं, शून्य.

बाहेर जाणारं... थेंब थेंब. त्यानेच घातलेल्या मर्यादेइतकं, मोजून.

वर खुर्ची सरकली...

त्याने मर्यादा काढून टाकली.

आकडा भसकन वर चढला. मग नावच गेलं.

मोबाईल वाजला. बहीण.

"दादा, आईच्या नंबरवरून निरोप आलाय. आत्ता. तिच्याच आवाजात."

"म्हणतेय, छातीत कळ येतेय, दादा खाली आहे, त्याला फोन करून वर पाठव. तीनतीनदा म्हणतेय रे..."

"अगं, त्या दिवशी नेट..."

"नेट होतं, दादा. मागे तुझं हसणं ऐकू येतंय. मीटिंगमधलं."

बहीण अजून त्याच्याशी बोलत नाही. राउटर त्याने आपटून फोडला.

तो निरोप मीही ऐकलाय. शेवटी ताई ओरडून विचारते, "माझं जातंय का तिकडे?"

निरोप कुणी पाठवला, देव जाणे.

पण तो म्हणतो, कानाला हेडफोन होते. एवढ्या मोठ्याने ओरडलेलं खालच्या खोलीत ऐकू गेलं नसेल, हे मात्र मला पटत नाही.