एका गाण्याला दोन चिठ्ठ्या

विहंगशी माझी पहिली ओळख झाली ती त्याच्या पायांशी.

रायपुरात तेलीबांध्याला तलावासमोर त्याचं गाड्यांना स्टिरिओ बसवायचं दुकान होतं. एका शनिवारी दुपारी आबांचा प्लेयर छातीशी धरून मी तिथे रिक्षातून उतरले, तर दुकानात कोणीच नाही. बाहेर एक पांढरी गाडी उभी, तिचं दार उघडं, आणि दारातून निळ्या मोज्यांतले दोन पाय बाहेर आलेले. बाकीचा माणूस स्टीअरिंगच्या खाली होता.

"ऐका हो," मी पायांना म्हटलं, "हा प्लेयर मराठी दाखवत नाही."

पाय जरा विचारात पडले. मग आतून आवाज आला, "दो मिनट, दीदी."

दीदी! हे मी त्याला आजही ऐकवते. बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत वायरीचे तुकडे अडकले होते, आणि डोळे... असू दे, डोळ्यांचं इतक्यात नको. मी तेव्हा भांडायला आले होते.

माझे आजोबा यशवंतराव, म्हणजे आमचे आबा, रेल्वेत गार्ड होते. वर्ध्याहून बदली होऊन रायपूरला आले आणि इथलेच झाले. निवृत्तीनंतर त्यांनी एकच चैन केली, शास्त्रीय संगीताच्या सीडी. दोनशे बारा. रायपूर राजधानी झाली, रस्ते रुंद झाले, पण आबांचा सीडी प्लेयर म्हातारा होऊन बंद पडला आणि तो दुरुस्त करणारं कोणी उरलं नाही. मग मी सगळ्या सीडी कंप्युटरवर उतरवल्या आणि पेनड्राइव्ह लागणारा नवा प्लेयर आणला. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते; नोंदी हा माझा स्वभावच आहे. चौदाशे गाण्यांपैकी प्रत्येकात मी राग, गायक, साथीदार, सगळं नीट मराठीत लिहिलं. उन्हाळ्याची पूर्ण सुट्टी त्यात गेली.

पेनड्राइव्ह लावला, आणि त्या इवल्याशा निळ्या पडद्यावर काय यावं? चौकोन. नुसते रिकामे चौकोन, एकापुढे एक.

आबांनी चष्मा चढवून पाहिलं. "काहून वो ज्ञानदा, सगळ्या गवयांच्या नावाच्या खिडक्या करून राहिली का तू?"

घरचा प्लेयर बघणारं दुसरं कोणी नव्हतं, तर हा माझा संताप मी विहंगसमोर ओतला. त्यानं प्लेयर उलटा-सुलटा केला आणि म्हणाला, "ये मॉडेल हिंदी-मराठी नहीं पढ़ता. सब इंग्लिश में टाइप कर दो."

"मी तीन महिने मराठीत लिहिलंय."

"तो क्या हुआ? गाना तो वही बजेगा ना. सुनना ही तो है."

"मला वाचायचंय!"

तो माझ्याकडे बघत राहिला. हसला नाही, हे विशेष. मग स्टूल पुढे सरकवून म्हणाला, "बैठिए. एक रास्ता है."

रस्ता असा होता. गाण्याच्या प्रत्येक फाइलला माहितीची चिठ्ठी चिकटलेली असते, तिला टॅग म्हणतात. पण चिठ्ठ्या दोन लावता येतात. एक फाइलच्या पुढे, नव्या पद्धतीची, तिच्यात मराठी लिहा, कानडी लिहा, काहीही लिहा. दुसरी फाइलच्या शेवटी, जुन्या पद्धतीची, तिच्यात फक्त इंग्रजी अक्षरं, तीही तीसच. आबांचा प्लेयर आधी मागची वाचतो. ती नसेल तरच पुढची वाचायला जातो आणि चौकोन काढतो. म्हणजे माझं मराठी पुढे जसंच्या तसं राहील, कंप्युटरवर दिसेल, आणि मागे आबांच्या प्लेयरसाठी इंग्रजी अक्षरांतली छोटी चिठ्ठी लावायची. चौदाशे गाण्यांना, एकेक करून.

"कौन करेगा?" त्यानं विचारलं.

"तुम्ही," मी म्हटलं. "रस्ता तुम्ही काढला ना?"

कंप्युटर आमच्या घरी, म्हणून पुढच्या रविवारी तो घरी आला. मग त्याच्या पुढच्याही.

तो घराणं सांगायला लागला तेव्हा मी थक्क झाले. आम्ही वर्ध्याचे, चाळीस वर्षांपूर्वी आलेले. आणि हा भोसल्यांच्या काळापासून रायपूरचा मराठी! आबा मराठीत विचारायचे, तो सगळं समजायचा आणि हिंदीत उत्तर द्यायचा. घरी फक्त आई मराठी बोलते, म्हणाला, आणि तिलाही तो हिंदीतच उत्तर देतो.

त्या तीस अक्षरांवरून आमची जी भांडणं व्हायची...

"नहीं आ रहा पूरा. तबलेवाले को हटा दो."

"काहून? त्यानं वाजवला नाही का तबला?"

"तो राग का नाम छोटा कर दूँ?"

"राग छोटा करता येत नाही."

"ज्ञानदाजी, फिर मेरी उँगलियाँ छोटी कर दो!"

आणि मग माझ्याकडे बघायचा — तेच डोळे, हसण्याआधी जरा बारीक होणारे. मी घाईघाईनं सीडीचं कव्हर वाचायला लागायचे. एकदा तर ते उलटं धरलं होतं. रविवारी सकाळी मी वेणी दोनदा घालायला लागले, हे आमच्याकडेच राहणाऱ्या गोदावरी आत्याच्या लक्षात आलं, माझ्या नंतर आलं.

सगळं छान चाललं होतं. मग पाचव्या रविवारी मी माती खाल्ली.

आत्यानं पोहे केले होते. तिसऱ्यांदा वाढायला आली तेव्हा विहंगनं हात आडवा धरला, आणि आमच्या घरात पहिल्यांदाच मराठीत बोलला. "बस आत्या... माझी पोट भरून गेली."

मी हसले. खूप हसले. तेवढ्यावर थांबायचं, तर आबांना जाऊन सांगितलं. मग दारात शेजारची मीनल भेटली, तिला नक्कल करून दाखवली. वळले तर तो पायरीवर चपला घालत होता. त्याचे कान लाल झाले होते.

त्यानंतरचे दोन रविवार तो मुकाट्यानं टाइप करत बसला. हाँ, नहीं, अगला. मी तबलजी ठेवायला सांगितला तरी भांडला नाही. सातव्या रविवारी शेवटची सीडी झाली, माझा आवडता, रोज दिवेलागणीला लावायचे तो सारंगीवरचा मारवा. मी चहा आणायला आत गेले, परत आले तेव्हा तो पेनड्राइव्ह काढत होता.

"हो गया," तो म्हणाला. मग प्लेयरकडे बघत, "हैदराबाद से नौकरी आई है. कार ऑडियो की कंपनी है. पंद्रह दिन में जवाब देना है."

मला म्हणायचं होतं, जाऊ नका. ते शब्द अगदी ओठांवर आले होते. पण ज्याच्या एका वाक्याची मी गावभर दवंडी पिटली, त्याला कुठल्या तोंडानं थांबवायचं?

"अरे वा," मी म्हटलं. "अभिनंदन."

तो गेला. पुढचा रविवार आला, त्याच्या पुढचाही आला, तो आला नाही. आबा रोज सकाळी भैरव, तोडी लावायचे, पडद्यावर नावं अगदी नीट यायची, आबा खूश. मी मात्र दुपारनंतर त्या प्लेयरकडे फिरकत नव्हते. रोज एक दिवस वजा करायचे. दहा राहिले, सात राहिले, तीन...

चौदाव्या संध्याकाळी आबा म्हणाले, "पोट्टे, तुझा मारवा लाव बरं. दोन हप्ते झाले, दिवेलागणीले घर कसं सुनं वाटून राहिलं मले."

आबांना नाही कसं म्हणणार? लावला. आणि पडद्यावर आले... चौकोन.

मी चिडले. चौदाशे गाण्यांत नेमकं माझंच चुकावं? पण चौकोन थांबेनात. पडद्यावरून सरकत राहिले, एक ओळ, दोन ओळी, मधे जागा, पुन्हा चौकोन. मी तर गाण्याच्या नावात एवढंच लिहिलं होतं, मारवा. तीन अक्षरं. मग हे एवढं लांब कोणी लिहिलं? आणि चौकोन आले म्हणजे ते इंग्रजी अक्षरांत नव्हतं.

आबांची सारंगी मधेच तोडून मी पेनड्राइव्ह ओढला आणि कंप्युटरला लावला. फाइलला मागची चिठ्ठीच नव्हती, ती काढून टाकलेली होती. पुढच्या चिठ्ठीत, गाण्याच्या नावाच्या जागी, लिहिलं होतं:

"ज्ञानदाजी, मी हैदराबादला जाऊ नये असं तुम्हाला वाटते का? तुम्हाला वाटावे असं मला वाटते. हसायचं असेल तर हसा, पण सांगा."

मी स्कूटी काढली. आत्या मागून ओरडली, "अवो, ओढणी तरी घे!" मी घेतली नाही.

दुकानात उजेड होता. उरला औद्योगिक वसाहतीतले एक ठेकेदार, धर्मपालजी म्हणून, खुर्चीत बसून नव्या गाडीचा स्टिरिओ निवडत होते. विहंग काउंटरमागे. मला बघून त्याच्या हातातलं खोकं तसंच राहिलं.

"मी आज वाचलं," मी धापा टाकत म्हटलं.

"आज?"

"आत्ता. वीस मिनिटं झाली."

"मतलब..." तो काउंटरमागून बाहेर आला. "मैंने तो जानबूझकर पीछे वाला टैग हटाया था. आपसे चौकोन बर्दाश्त नहीं होते ना. सोचा, उसी शाम खोलोगी. चौदह दिन से मैं समझ रहा हूँ कि आपने पढ़ लिया और..."

"लावलाच नाही मी मारवा."

"क्यों? वो तो आपका सबसे..."

"काहून लावू?" माझा आवाज चढला. "तुम्ही येत नव्हता तर कशाला लावू?"

धर्मपालजींनी स्टिरिओचा आवाज हळूच बंद केला.

"आणि मी हसले ना," मी म्हटलं, "ते चुकलं माझं. तीन जणांसमोर केलं ते तर फारच चुकलं."

"चार. मीनल दीदी ने मेरी कलावती मौसी को भी बता दिया."

"चार. चारही जणांसमोर माफी मागते. पण जाऊ नका. मला वाटतं, तुम्ही जाऊ नये असं मला फार वाटतं, विहंग. सातव्या रविवारीही वाटत होतं."

त्यानं हनुवटी खाजवली, तलावाकडे पाहिलं. मग एकेक शब्द जपून ठेवत म्हणाला, "मग... नाही जात मी."

मी हसले नाही. रडूही आलं नाही, पण नाक मात्र फार वाहायला लागलं, आणि ओढणी घरी. त्यानं स्टिरिओ पुसायचं पिवळं फडकं पुढे केलं, मी ते घेतलं.

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. "आई," तो ओशाळून म्हणाला. "रोज इसी टाइम पूछती है, जवाब आया क्या."

"आईंना माहीत आहे?"

"मराठी किससे ठीक करवाता? आपको गलत भेजता तो फिर पूरे मोहल्ले में..." तो थांबला, आणि त्यानं फोन सरळ माझ्या हातात दिला. "तूच सांग ना."

तू म्हणाला! धर्मपालजींनीही मान वर केली. मी नाक पुसून फोन कानाला लावला.

"काकू... मी ज्ञानदा बोलतेय. हैदराबादचं तिकीट रद्द करा."

"अवो पोरी," पलीकडून आवाज आला, "काढलं कोणी होतं?"