चिन्मयचे गोड शेवट

अंधारात कुणाच्या तरी पायावर पाय पडला आणि संस्कृती जागच्या जागी थिजली.

"सॉरी हं... लागलं का?"

"लागलं. पण इतका रंगात आलेला पिक्चर सोडून निघालात कुठं?"

"शेंद्र्याला. सेकंड शिफ्ट आहे. कंपनीची बस कुणासाठी थांबत नाय."

"आणि शेवट?"

"तुम्ही सांगा की!" ती सहज बोलून गेली. मागून कुणीतरी 'शूऽऽ' केलं. पण त्या पठ्ठ्यानं ते मनावरच घेतलं. धावत दारापर्यंत आला, तिचा नंबर घेतला आणि तसाच धावत शेवट बघायला आत पळाला.

हा चिन्मय. आठवडाभर शहागंजात मामाच्या चष्म्याच्या दुकानात आणि रविवारी सकाळी फिल्म क्लबात. संस्कृती मूळची पाचोडची. नोकरी शेंद्र्याच्या कारखान्यात, खोली शहरात. तिची सुट्टी गुरुवारी आणि क्लबचा सिनेमा रविवारी, त्यामुळं जानेवारीपासून प्रत्येक सिनेमा तिनं शेवटाआधीच सोडला होता. बस चिकलठाण्याच्या पुढं गेली की इअरफोनमध्ये चिन्मय बोलायला लागायचा, "तर ऐका... तुम्ही गेलात, आणि तिनं दार उघडलं..." खिडकीला डोकं टेकवून ती ऐकत राहायची. हळूहळू तिला शेवटापेक्षा तो आवाजच जास्त आवडायला लागला होता. पण हे कबूल कोण करणार!

जुलैत क्लबची सहामाही बैठक भरली. यंदा आतापर्यंत पाहिलेल्यांतला आपला आवडता कथापट ज्यानं त्यानं उभं राहून सांगायचा, शेवटासकट. मग दिवे बंद करायचे आणि आपल्या पसंतीच्या सिनेमाचं नाव आलं की मोबाइलची बॅटरी लावायची, असा इथला रिवाज. जिंकलेला सिनेमा लगेच पुन्हा दाखवायचे. संस्कृतीनं त्यासाठी खास रजा टाकली होती. तिचा लाडका सिनेमा जिंकला, तर तो तिला एकदाचा शेवटापर्यंत बघायला मिळणार होता.

ती उभी राहिली. धरणात नाव चालवणारी बाई, रोज तिच्या नावेतून पलीकडं जाणारा मास्तर, आणि दोघांच्या मधे उभा राहत जाणारा पूल... बोलता बोलता तिचा चेहरा फुलत गेला. "आणि शेवट तर काय सांगू! पुलाचं उद्घाटन होतं, सगळं गाव पुलावर. मास्तर मात्र खाली काठावर येतो आणि म्हणतो, नाव काढता का?"

सभागृहात लोक एकमेकांकडं बघायला लागले. मग क्लबातले जुने जाणते अप्पाराव खो खो हसत सुटले.

"अगं पोरी, कोणता सिनेमा पाहिलास? मास्तर एस्टीत बसून पुलावरून निघून जातो! खाली बघत पण नाय!"

सगळेच हसायला लागले. संस्कृतीचे कान तापले. तिनं चिन्मयकडं पाहिलं. तो खुर्चीत जमेल तेवढा खाली घसरला होता.

"चिन्मय... बाकीचे शेवट?"

"दोन खरे होते," तो कसाबसा म्हणाला. "ते मुळातच गोड होते."

"माझी थट्टा करायला सांगितलं हे सगळं?"

"नाही हो, शपथ! तुम्ही शिफ्टभर उभं राहून काम करणार... रडवून कसं पाठवू तुम्हाला?"

तिला त्याचा भयंकर राग आला होता, आणि तरीही छातीत काहीतरी गोड धडधडत होतं. क्लबचे मुबारकभाई हलकेच म्हणाले, "बेटा, बसतेस का?"

"नाय बसत!" ती सभागृहाकडं वळली. "अप्पाराव, एक सांगा. अख्ख्या सिनेमात मास्तर त्या पुलाकडं एकदा तरी बघतो का?"

"नाय... बघत नाय."

"पाण्याची भीती असून रोज नावेतच बसतो ना? मग असला माणूस एस्टीत बसेल? दिग्दर्शकाला प्रेम दाखवायची हिंमत झाली नाय, म्हणून त्यानं गाडी बोलावली! मी पाहिला तेवढा सिनेमा लई खरा आहे. आणि त्याचा खरा शेवट त्या माणसाला कळलाय." तिनं सरळ चिन्मयकडं बोट दाखवलं. "मी त्याच सिनेमासाठी मत मागतेय."

दिवे गेले. मुबारकभाईंनी एकेक नाव पुकारलं. कुठं दोन उजेड, कुठं चार. मग तिच्या सिनेमाचं नाव आलं. आधी एक उजेड लागला, तो अप्पारावांचा! पाठोपाठ ओळीच्या ओळी उजळत गेल्या आणि तिला सगळ्यांचे हसरे चेहरे दिसायला लागले. टाळ्या थांबेनात. संस्कृती जिंकली होती, अगदी दणक्यात.

त्या उजेडात चिन्मय उठून तिच्यासमोर आला. नजर तिच्यावरच.

"आता खरं तेच सांगतो... मला तुम्ही आवडता. सगळ्यांसमोर सांगतोय."

संस्कृतीनं त्याचा हात धरला आणि अख्ख्या क्लबाला ऐकू जाईल असं म्हणाली, "लई उशीर केलास! मला तर तू कधीचा आवडतोस."