लाटेचा हट्ट

आंबोलीच्या तरंग-नियंत्रण केंद्रात डॉ. हेमांगी पाटणकर भिंतभर पडद्याकडे बघत होती. पृथ्वीला कंबरपट्ट्यासारखी वेढणारी हवेची ग्रहीय लाट त्यावर वळणं घेत होती. तिचा एक माथा विदर्भावर येऊन ठाकला होता, आणि त्याखाली हवा दबून तापत होती. चंद्रपूरच्या इस्पितळात हेमांगीच्या बहिणीचं अपुऱ्या दिवसांचं बाळ काचेच्या पेटीत होतं. तिथली वीज सारखी जात होती.

"किती देखणी आहे मेली!" ती पुटपुटली.

"देखणी? माणसं मारतेय ती," केंद्रप्रमुख टिपणीस सर म्हणाले. "धक्का आजही वाढवा."

केंद्राचे पृथ्वीभोवतीच्या कक्षेतले सौरदर्पण इराणच्या पठारावर ऊन एकवटून हवा तापवत. त्या धक्क्याने माथा पूर्वेला, समुद्रावर सरकायला हवा होता. सरकत नव्हता. रोज उरलेल्या कसरीला सगळे गमतीने 'लाटेचा हट्ट' म्हणत आणि दुसऱ्या दिवशी तेवढा धक्का वाढवत.

"सर, माथा हलत नाही, पण उंच होतोय. आपण वाढवलं की हट्टही तेवढाच वाढतो. वारा कधी असा ईर्षेला पेटतो?"

"म्हणजे?"

"दोरी दोन्ही टोकांनी हलवली की लाट जागच्या जागी उसळते. पूर्वेचा कुणी देश हा माथा आपल्या अंगावर येऊ नये म्हणून स्वतःच्या दर्पणांनी त्याला पश्चिमेला रेटतोय. रोज कसर भरून काढत. आपल्यासारखाच."

"असलं काही करणार नाही म्हणून करारावर सही आहे त्या सगळ्या देशांची!"

"आपलीही आहेच की."

सर ओशाळले. "मग उपाय?"

"आपण हात काढायचा. त्यांचा रेटा माथ्याला अरबी समुद्रावर नेईल."

"आणि तर्क चुकला तर? तुझं भाचरू आहे तिथे."

"माहीत आहे, सर." तिने स्वतःच दर्पण वळवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बहिणीचा फोन आला. "ताई, उकाडा उतरलाय गं. बाळ शांत झोपलंय."

सर लगबगीने आत आले. "गेला पश्चिमेला?"

"नाही. जागेवरच खचतोय." हेमांगी हसत होती. "त्यांचा रेटा असता तर पश्चिमेला गेला असता. रेटाच उरलेला नाही, सर. कालच तिकडेही कुणीतरी दर्पण वळवलेत. तोच पडदा, तोच हट्ट, तोच तर्क."

सर खुर्चीत टेकले. "आपणही थांबलोय, हे त्यांना कळवायचं कसं?"

"कळलंय त्यांना," ती म्हणाली. "त्यांच्याही पडद्यावर तो खचतोय."