ओटीतले तांदूळ

बसा इथं. पंचवटीतल्या श्यामलाबाईंच्या गालाची गोष्ट सांगतो. कान देऊन ऐका, चोर माझ्याआधी तुम्हीच धराल.

बुधवारी सकाळी भिकन हवालदाराला दवाखान्यातून फोन आला. श्यामलाबाई, वय बावन्न. रविवारी एकुलत्या एका मुलाचं, रुद्रचं लग्न. नाकापासून ओठापर्यंतच्या घड्या फोटोत दिसू नयेत म्हणून बाईंनी कुणाकडून तरी गालात फिलर, म्हणजे खळगे बुजवणारं औषध, टोचून घेतलं होतं. आता उजवा गाल जांभळा पडला होता. आग आग होत होती.

"रक्ताची वाट बंद झालीय," डॉक्टर आभा म्हणाल्या. "आत जेल असेल तर ते विरघळवायचं इंजेक्शन आहे. एक डोस दिला, फरक नाही. जेलच असेल तर आणखी देत राहीन. सिलिकॉनचं तेल असेल तर मात्र सगळं फुकट, दुसरा उपाय बघावा लागेल. काय भरलंय ते दुपारपर्यंत कळू द्या, नाहीतर गालाची कातडी जाईल."

भिकन खाटेजवळ बसला. "मावशी, कुणी टोचलं?"

"नाही सांगणार."

"गाल जाईल."

"माझाच जाईल ना? रुद्रची शपथ घातलीय मला."

नवरा ढुंढिराज गुरुजी डोकं धरून बसलेले. "काल दुपारी देवळात जाते म्हणाली हो. थेट संध्याकाळी आली."

कोपऱ्यात बाईंची पिशवी होती. भिकननं उघडली. खण, नारळ, हळकुंड अन् दोन मुठी तांदूळ.

"काल केळवण होतं कुठं?"

"छे, केळवणं उद्यापासून."

"तुमच्यात ओटी कशानं भरतात, गुरुजी?"

"गव्हानं. का हो?"

भिकन उठला. बाई चेहऱ्यासाठी कुठं कुठं जायच्या, ती दोन ठिकाणं गुरुजींकडून कळली होती.

पहिली पार्लरवाली पूजा, मालेगावची. "मी भुवया कोरते, साहेब. सुई बघून मलाच चक्कर येते!"

दुसरे डॉक्टर आल्हाद. "आल्या होत्या पंधरा दिवसांपूर्वी. लग्न तोंडावर आहे, सूज येते, आता नको म्हणालो. रडवेल्या होऊन गेल्या."

"तुमच्या सिरिंजचा हिशोब?"

"प्रत्येकीचं स्टिकर पेशंटच्या फाईलला. उरलेलं जेल आमचा कंपाउंडर जीवन फेकून देतो. घोटीचा आहे, फार कष्टाळू."

जीवन चहा घेऊन आलाच.

"जीवनभाऊ, काल कुठं होता?"

"घरी, अंबडला. मंगळवारी क्लिनिक बंद असतं."

"श्यामलाबाई आल्या होत्या?"

"कोण श्यामलाबाई?"

"बरं. बायकोला फोन लाव. स्पीकरवर."

जीवननं नंबर लावला. पलीकडून बायकोचा, योगिनीचा आवाज आला.

"वहिनी, भिकन हवालदार बोलतोय. त्या लग्नघरच्या बाईंची ओटी तुम्हीच भरली ना?"

"हो, मग? सवाष्ण दारात, त्यात मुलाचं लग्न, तशीच लावून देऊ का? सूज उतरली का हो त्यांची?"

जीवननं झटकन फोन बंद केला.

"आता ऐका, डॉक्टर," भिकन म्हणाला. "नाशकात आपल्याकडं ओटीला गहू. घोटीकडं भाताची शेती, तिथं तांदूळ. पूजा मालेगावची, तिकडंही गहूच; तुम्ही इथले. राहिला हा. तुम्ही बाईंना परत पाठवलं तेव्हा यानं जिन्यात गाठलं असणार. सुट्टीच्या दिवशी घरी बोलावलं, बाहेर पडताना पोराची शपथ घातली. सगळं झाकलं. बायकोला ओटी भरू नको म्हणायचं तेवढं राहिलं. जीवन, काय भरलंस? लवकर बोल!"

"जेलच, साहेब. पेशंटच्या सिरिंजमधलं उरलेलं. मी फेकत नव्हतो."

भिकननं तिथूनच आभाबाईंना फोन लावला. "जेलच हाय, ताई. द्या डोस!"

तासातासाला इंजेक्शन गेलं. संध्याकाळी गालावर लाली परतली. नाकाशेजारी मात्र बोटभर डाग राहिला. जीवन आत गेला. योगिनी वहिनी अजून म्हणती, मी काय चूक केली? काय सांगावं तिला.

रविवारी श्यामलाबाई मांडवात उभ्या राहिल्या, गालावर पदर न ओढता. माझं एवढंच ऐका. कधी त्या घाटावर भेटल्या, तर डागाकडं टक लावू नका. सुनेचं विचारा. लय बोलतात मग.