बांधून ठेवलेलं नाव

धुळ्यात आग्रा रोडमागच्या गल्लीत सरदारभाईंचा छापखाना आहे. हाताने शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापणारा बहुधा शेवटचा. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या नूतनने धाकट्या बहिणीची, रूपाची लग्नपत्रिका मुद्दाम तिथेच छापायला टाकली. मजकूर मराठीत, वधूवरांची नावं तेवढी वर इंग्रजीत. त्यासाठी सरदारभाईंनी जुनी केस, खिळ्यांची खणाखणांची पेटी, ओढली. जाड-बारीक रेघांची, टोकांना इवले पाय असलेली अक्षरं.

"वकिलांची पत्रं, शाळेचे दाखले, बठ्ठं ह्याच टायपात छापलं, ताई. बिनपायाचं अक्षर घसरतं. हे कागदावर उभं राहतं."

छपाई झाल्यावर नवऱ्या मुलाच्या नावाचे खिळे त्यांनी लगेच सुटे करून केसमध्ये टाकले. रूपाचे चार खिळे मात्र नूतनने मागितले, दोऱ्याने बांधलेले, तसेच. बहिणीला भेट म्हणून.

"जित्या माणसाचं नाव बांधून ठेवत नाहीत. छापलं की मोडायचं."

"शिसं, कथील, अँटिमनी. दुसरं काय आहे ह्यात, सरदारभाई?"

"मग सुटे न्या ना."

ती ऐकेना. अखेर त्यांनी पुडी बांधली. "हळद लागायच्या आधी दोरा सोडा. हळद लागल्यावर मात्र हात लावू नका."

रूपाला भेट फार आवडली. तिने खिळे आरशापुढे ठेवले. लग्नघाईत दोरा सोडायचा राहून गेला.

हळदीच्या दिवशी फणी शोधताना नूतनचं लक्ष तिकडे गेलं. RUPA. तिने सहज वाचलं आणि मग थांबली. छापायचा खिळा उलटा असतो, तरच कागदावर अक्षर सुलट उमटतं. हे चारही सुलट होते. तिने ते आरशासमोर धरले. आरशात नाव उलटं दिसलं. बोटांना शिशाचा गारवा लागला, खिळे धुतात त्या रॉकेलचा वास आला.

बाहेर बायका गात होत्या. ताईबाई आत्या ओरडली, "नवरीना गालले हळद कमी शे वं, नूतन!"

पाटावर रूपा डाव्या हाताने हळद पुसत होती. तिचा तीळ डाव्या गालावर होता.

तो उजव्या गालावर असायचा. नूतनने मोबाइलमध्ये सकाळचा फोटो पाहिला. उजव्याच.

"आत्या, हिचा तीळ..."

"दृष्ट लावशी का पोरले?"

नूतन आत धावली. सरदारभाईंचं बोलणं आठवलं, तरी कात्री हातात आलीच होती. असंच सोडून कसं देणार?

दोरा तुटला.

चार खिळे चार दिशांना घरंगळले. तिने एक उचलला. अक्षर उलटं होतं, असायला हवं तसं.

ती दारात आली. तीळ उजव्या गालावर होता. तिला हसू आलं.

"रूपा!"

सगळ्या बायकांनी रूपाकडे पाहिलं.

रूपाने मागे वळून पाहिलं, कोणाला हाक मारली ते.