खांबाच्या मशीनची सुई

दार लावू नका. नुसतं ओढून घ्या, कडी नको. बसा त्या स्टुलावर. तेलकट आहे जरा, पण अजून कुणाला पाडलेलं नाही. दाखवा फोटो. मशीन कुठलं ते सांगायचं ना? चाळीस वर्षं तेच केलंय हो मी. डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून सांगायचो.

अं... खांबाचं आहे होय. नको, उलटा ठेवा तो फोटो. रागावू नका, बाकी कुठलंही मशीन आणा, खांबाचं तेवढं मी बघत नाही आता. का, ते सांगतो. एवढे जिने चढून आलात, रिकाम्या हाती कसं पाठवू?

मागच्या थंडीत एका शिकवणीच्या बाईंचा फोन आला. त्यांनी तळमजल्यावरची एक खोली घेतली होती, मुलांना गणित शिकवायला. "काका, इथे कोपऱ्यात एक विचित्र मशीन आहे. त्याला पाटच नाही. मधूनच एक खांब वर आलाय हातभर, आणि त्या खांबाच्या डोक्यावर शिवायची जागा."

"बुटांचं मशीन ते," मी म्हटलं. "बुटाचा वरचा भाग गोल. तो सपाट पाटावर बसत नाही. म्हणून खांबाभोवती फिरवत शिवायचा."

"मग येऊन नेमकं कुठलं ते सांगाल का? चांगलं असेल तर ठेवीन म्हणते. नाहीतर परवा भंगारवाला येणारच आहे."

गेलो. न जाऊन करतो काय? बायको जाऊन सहा वर्षं झाली. दुपारभर घड्याळाशी माणूस किती बोलणार!

खोलीत नवीन रंगाचा वास होता. पण कोपऱ्याकडे सरकलो तसा त्याखालून दुसरा वास वर आला. चामडं, चिकटवायचं सोल्यूशन, जुनं तेल. चाळीस वर्षं माझ्या कपड्यांना होता तो. बाई म्हणाल्या, "मी शेजारून चहा घेऊन येते, तुम्ही बघा निवांत." आणि गेल्या.

मशीन ओळखायची एक रीत असते. आधी नावाची पट्टी बघायची. पट्टी नव्हती, खिळ्यांची दोन भोकं तेवढी होती. मग खांब सुईच्या कुठल्या बाजूला आहे ते बघायचं. डावीकडे होता. मग सुई काढून तिची लांबी मोजायची. सुईच नव्हती, नुसता रिकामा चिमटा. चाक फिरवणारा पट्टाही कुणीतरी काढून नेलेला. म्हणजे मशीन अगदी मेलेलं. दाबपट्टीखाली मात्र चामड्याचा एक तुकडा होता. हे जुन्या कारागिरांचं काम. सुट्टी झाली की दाबपट्टी माल सरकवणाऱ्या उघड्या दातांवर टेकवून जायचं नाही, खाली तुकडा सरकवायचा.

शेवटी खांबाच्या बुडाचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला दुरुस्तीच्या तारखा कोरलेल्या होत्या. प्रत्येक तारखेपुढे एक छोटा त्रिकोण.

तो त्रिकोण म्हणजे माझी खूण.

शेवटची तारीख मला वाचायची गरज नव्हती. त्या दिवशी त्या मशीनवर माझी बायको बसली होती. एकाच कारखान्यात होतो आम्ही, ती शिवायची, मी मशीन सांभाळायचो. सकाळी तिची सुई बोथट झाली. त्या मापाच्या सुया संपल्या होत्या. मी दुसऱ्या मशीनची एक उचलली. केसभर लांब होती. केसभरच! म्हटलं, चालून जाईल एक दिवस. ती म्हणाली सुद्धा, "अहो, आवाज वेगळा येतोय." मी म्हटलं, "तू शीव गं, मशीन मला कळतं का तुला?"

तासाभरात सुई खालच्या धाग्याच्या शटलवर आपटली आणि तुटली. टोक उडालं ते थेट तिच्या डाव्या डोळ्यात.

आणि कारखान्याच्या वहीत मी काय लिहिलं, सांगू? 'कारागिराने माल ओढला, म्हणून सुई तुटली.' स्वतःच्या बायकोच्या नावावर. माझी नोकरी जाईल म्हणून. डोळ्याला पट्टी बांधून तिने त्याखाली सही केली. तिचं काम सुटलं ते सुटलंच. घरी मला एवढंच म्हणाली, "लिहिलंत ना? मग झालं." त्यानंतर चोवीस वर्षं आम्ही एका ताटात जेवलो, पण हा विषय तिने काढला नाही. भांडली असती तर बरं झालं असतं हो. ओरडली असती तर मी सुटलो असतो.

डोळ्यातून काढलेलं टोक तिने एका डबीत ठेवलं होतं. ती गेली तेव्हा ती डबी मी तिच्या हातात दिली, ती तिच्याबरोबर चितेवर गेली. उरलेला वरचा अर्धा माझ्या हत्यारांच्या पेटीत होता, दुसऱ्या एका डबीत. त्याच्या दांडीवर सुईच्या मापाचा नंबर कोरलेला. खोटं सांगणारी वही होती, खरं सांगणारा तो नंबर. टाकवत नव्हता, दाखववत नव्हता.

तर त्या कोपऱ्यात उकिडवा बसून मी ठरवलं, सांगायचं ओळख पटत नाही म्हणून. परवा भंगारवाला नेईल, वितळवून टाकतील, संपला विषय. झाकण लावता लावता मी बोलूनसुद्धा बघितलं, हळूच, "नाही बुवा... हे काही ओळखीचं नाही..."

टक्.

मशीनचं चाक अर्धा फेरा फिरलं. बसणाऱ्याच्या बाजूला.

ही तिची सवय. शिवायला बसली की आधी चाक हाताने अर्धा फेरा स्वतःकडे घ्यायची. म्हणायची, मशीनला जागं करावं लागतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. हिची मेल्यावरही गेली नव्हती.

मग टाके सुरू झाले. टक्... टक्... टक्. तीन पुढे. थांबलं. तीन मागे. पट्टा नाही, सुई नाही, आणि दाबपट्टीखालचा तो तुकडा माझ्या डोळ्यांदेखत सरकत होता. त्यात केसभर लांब सुईचा तो खरखरीत आवाज. वेगळा. तीस वर्षांपूर्वी मी ऐकून न ऐकल्यासारखं केलेला.

"अगं..." माझ्या तोंडून एवढंच निघालं. "अगं, बास..."

दार वाजलं. बाई चहाचे पेले घेऊन उभ्या. "अरे वा, चालू केलंत की! बाहेरपर्यंत आवाज येत होता." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काका... काय झालं? ओळखलंत का?"

'नाही' म्हणता आलं असतं. पण म्हटलं, पुन्हा एकदा खोटं नाही.

"ओळखलं," मी म्हटलं. "माझ्या बायकोचं आहे. तिची काही चूक नव्हती. सुई मी चुकीची घातली."

सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. परक्या बाईसमोर लहान पोरासारखा रडलो. चहा गार झाला. बाईंनी मशीन ठेवून घेतलं. खोलीत पुन्हा आवाज झाला नाही. मी निघताना वाकून बघितलं, तर चामड्याचा तुकडा कोरा होता. एक भोक नाही.

घरी येऊन पेटी उघडली. म्हटलं, आता ती अर्धी सुई फेकायला हरकत नाही.

ही बघा डबी. उघडा तुम्हीच. हो, सुईच आहे. अख्खी. वर दांडीवर नंबर तोच, आणि खाली टोक, टोकाजवळ नेढं. कुठे जोड दिसतोय? भिंगातून बघा हवं तर, मी कितीदा बघितलंय.

आणि नेढ्यातला धागा बघितलात? तो मी ओवलेला नाही. मला आता दिसतं कुठे एवढं बारीक? शेवटाला दुहेरी गाठ आहे बघा. ती तिची. कामावरून निघताना सगळ्या बायका धागा काढून ठेवायच्या. ही एकटी नवा धागा ओवून, गाठ मारून ठेवायची. विचारलं तर म्हणायची, "उद्या यायचंय ना मला."

पहिल्या दिवशी धागा वीतभर होता. आता बघा, डबीत मावत नाही.

घाबरतो, खोटं कशाला सांगू. पण कडी मी तेव्हापासून लावलेली नाही. मघाशी जिन्यावर तुमची पावलं वाजली, तेव्हा मी उठून उभा राहिलो होतो... जाताना तुम्हीही दार नुसतं ओढून घ्या.